केरूनाना छत्रे : हवा मोजता मोजता पृथ्वीच्या आसापर्यंत

छत्रपती संभाजीनगर : चिकलठाणा वेधशाळेचे नाव या शहरातील वाचकाला रोज भेटते. कमाल इतके, किमान इतके आणि पावसाळ्यात पडलेल्या पावसाचे मिलिमीटर, एवढाच तिचा व आपला परिचय. विमानतळाच्या परिसरातील या वेधशाळेत सकाळी साडेआठ वाजता तापमानाबरोबर आणखी एक आकडा टिपला जातो. तो वृत्तपत्रात सहसा छापला जात नाही आणि छापला तरी कोणी वाचणार नाही. तो आकडा हवेच्या दाबाचा. थंडीत तो चढलेला असतो, मे-जूनमध्ये उतरलेला असतो. दोहोंमधील अंतर दहा मिलिबारच्या घरात जाते आणि दहा मिलिबार म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० किलो हवेचा फरक. चिकलठाण्यातील शंभर चौरस मीटरच्या एखाद्या गच्चीवर हिवाळ्यात जेवढी हवा उभी असते, तिच्यातील दहा टन हवा पावसाळ्याच्या तोंडाशी अन्यत्र गेलेली असते.

ही हवा जाते कोठे, आणि एवढे ओझे दरवर्षी इकडून तिकडे हलत असताना स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी स्वस्थ कशी राहते, या प्रश्नाचे उत्तर असे की ती स्वस्थ राहतच नाही. तिचा आस डोलतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर उत्तर ध्रुवाची जागा म्हणून एखादी खुंटी ठोकली, तर खरा ध्रुव त्या खुंटीभोवती काही मीटरच्या फेऱ्यात हिंडत राहतो. या हिंडण्यामागे वातावरणाचा मोठा हात आहे, हे ज्ञान विसाव्या शतकाचे. परंतु हवेचा दाब तासातासाला वहीत उतरविणारा आणि पुढे पृथ्वीच्या आसाच्या हिशेबासाठी आपल्या समाजाशी वाद ओढवून घेणारा एक मराठी माणूस त्याच्या बराच आधी होऊन गेला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना. लोकमान्य टिळकांचे गुरू एवढ्या ओळखीवर आपण त्यांची बोळवण करतो, हे काही बरे नाही.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागावचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुलगा शिक्षणासाठी मुंबईला चुलत्यांकडे आला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला दोन गुरू लाभले. एक प्राध्यापक ऑर्लिबार, दुसरे बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’कार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते बाळशास्त्री गणित आणि ज्योतिषातही पारंगत होते आणि कुलाब्याच्या वेधशाळेची धुरा त्यांनी काही काळ वाहिली होती. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती मुख्यतः जहाजांच्या घड्याळांसाठी. बंदरात नांगरलेल्या जहाजाला अचूक वेळ मिळाली नाही, तर भर समुद्रात त्याचे रेखांश चुकतात. व्यापाराची गरज होती, विज्ञान मागाहून आले.

ते आले १८४० च्या सुमारास. जर्मनीत गटिंगेन येथे गाउस आणि वेबर यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या एकाचवेळी नोंदी घेण्याची कल्पना मांडली होती. ब्रिटिशांनी ती उचलली आणि साम्राज्यभर वेधशाळांची साखळी विणावयास घेतली. कुलाबा त्या साखळीतील एक कडी. येथे चुंबकसूचीबरोबर वायुभारमापक आणि तापमापक यांच्याही नियमित नोंदी ठेवावयाच्या होत्या आणि त्यासाठी आकडेमोडीत चोख, रात्री जागू शकणारी माणसे हवी होती. पंधरा-सोळा वर्षांचे केरूनाना दरमहा ५० रुपयांवर तेथे साहाय्यक म्हणून लागले आणि पुढची सुमारे दहा वर्षे त्यांनी त्याच कामात घालविली.

या दहा वर्षांकडे चरित्रकार बहुधा एका ओळीत पाहून पुढे जातात. वास्तविक माणूस घडला तो येथे. बाहेर समुद्राची गाज, आत दिव्याच्या उजेडात डोलणारी सूची आणि दर तासाला वहीत एक आकडा. या कामात प्रतिभेला वाव नाही, असे वरवर वाटते. पण आकडे पुरेसे साचले की ते बोलू लागतात. मुंबईसारख्या उष्ण प्रदेशात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास व रात्री दहाच्या सुमारास चढ, पहाटे चार व दुपारी चारच्या सुमारास उतार. वादळ नसेल तर हा क्रम इतका नेमाने चालतो की वायुभारमापकावरून घड्याळ लावावे. समुद्राला भरतीओहोटी असते तशी हवेलाही असते. फरक एवढाच की हवेची भरती मुख्यत्वे चंद्राच्या ओढीने येत नसून सूर्याच्या उष्णतेने येते. केरूनानांनी पुढे ज्ञानप्रसारक सभेत मराठीतून जे विषय मांडले, त्यांत हवा आणि भरतीओहोटी हे दोन्ही होते. ज्या मुलाने वेधशाळेतच तारुण्य घालविले, त्याला हे विषय पुस्तकात शोधावे लागले नसणार.

त्यांचे आणखी एक आवडते कोडे सूर्यावरील डागांचे होते. हे डाग सुमारे अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढतात व घटतात, हे जर्मनीच्या श्वाबेने १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. १८५२ मध्ये इंग्लंडच्या सॅबाइनने दाखविले की, पृथ्वीवरील चुंबकसूचीची अस्वस्थताही त्याच तालावर वाढते-घटते. सॅबाइनने हा निष्कर्ष काढला तो केरूनाना जशा नोंदी घेत असत, तशाच दूरदूरच्या वेधशाळांतील नोंदींवरून. सूर्याच्या डागांचा पृथ्वीच्या हवामानाशी काय संबंध, याचा विचार केरूनाना नंतर आयुष्यभर करीत राहिले. संबंध चुंबकत्वाशी निश्चित ठरला. हवामानाशी तो किती, हा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही आणि नंतरही बराच काळ चालला.

१८५१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघाले आणि केरूनाना अध्यापनासाठी पुण्यास आले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ मध्ये. म्हणजे केरूनानांच्या शिक्षणाच्या काळात पदवी नावाची वस्तूच आपल्याकडे नव्हती. तरीही पदव्या घेणाऱ्या पिढ्यांना गणित आणि सृष्टिशास्त्र शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. हेच पूना कॉलेज १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या वास्तूत गेले. शाळांसाठी त्यांनी मराठीत अंकगणिताचे व पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिले. इंग्रजीत शिकावे आणि मराठीत लिहावे हा त्या पिढीचा धर्म होता. आज तो आपल्याला विशेष वाटतो, यातच सारे आले.

पुण्यातील या शांत अध्यापकाच्या हातून १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ बाहेर पडला आणि येथून त्यांच्या आयुष्यातील खरा झगडा सुरू झाला. आजच्या वाचकाला तो समजण्यासाठी पृथ्वीच्या आसाकडे पुन्हा वळावे लागेल.

मंदावत चाललेला भोवरा पाहा. तो स्वतःभोवती फिरत असतानाच त्याची दांडी आकाशात सावकाश एक वर्तुळ काढते. पृथ्वीचेही तसेच आहे. विषुववृत्ताजवळ ती फुगलेली आहे, त्या फुगवट्यावर सूर्यचंद्रांची तिरपी ओढ पडते आणि तिचा आस सुमारे २६ हजार वर्षांत आकाशात एक फेरी मारतो. परिणामी वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचे आकाशातील स्थान, ताऱ्यांच्या मानाने दरवर्षी थोडे मागे सरकते. यालाच आपले ज्योतिषी अयनचलन म्हणतात. हे सरकणे वर्षाला सुमारे ५०.१ विकला, म्हणजे बहात्तर वर्षांत एक अंश.

आता महाराष्ट्रातील घरोघरच्या पंचांगाचा आधार काय होता? गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’. मुरूडजवळच्या नांदगावच्या या असामान्य गणितीने १५२० मध्ये तो लिहिला. त्रिकोणमितीच्या खटाटोपावाचून ग्रह काढता यावेत अशी त्याची सोपी रचना. म्हणूनच गावोगावचे जोशी तीन शतके त्यावर विसंबून राहिले. पण त्यात अयनचलन वर्षाला पूर्ण ६० विकला धरले होते आणि शके ४४४ हे शून्याचे वर्ष मानले होते. दर वर्षी दहा विकलांची चूक. दहा विकला म्हणजे काहीच नाही, असे म्हणता म्हणता शतके उलटतात. ग्रहणे पंचांगातल्या वेळेला लागत नाहीत, ग्रह सांगितलेल्या जागी दिसत नाहीत आणि तरीही पंचांगावर नवे वर्ष छापले जाते.

केरूनानांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ग्रहांचे गणित नव्याने मांडले. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावयाचा, यासाठी त्यांनी रेवती नक्षत्राचा योगतारा म्हणून मीन राशीतील एक मंद तारा निवडला. युरोपीय तारकासूचीत त्याला झीटा पिशियम म्हणतात. वसंतसंपात या ताऱ्याशी शके ४९६ मध्ये होता, म्हणून ते शून्याचे वर्ष. हिशेब कोणीही करून पाहावा. शके १७८७, म्हणजे १८६५ साली ग्रहलाघवाच्या रीतीने अयनांश येतात २२ अंश २३ कला. केरूनानांच्या रीतीने येतात १८ अंशांना दोन-एक कला कमी. अंतर जवळजवळ साडेचार अंशांचे. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो, तेव्हा मकरसंक्रांत चार दिवसांहून थोडी अधिक अलीकडे येते.

नेमके याच शके १७८७ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या उत्तेजनाने केरूनानांचे नवे पंचांग निघू लागले. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत, कोणी केरोपंती म्हणत. गणित चोख. ग्रहणे जुळत. आकाशात डोळ्यांना दिसणारा गुरू त्यात छापलेल्या जागी सापडे. आणि तरीही ते पंचांग घरोघर पोहोचले नाही.

याचे कारण चार दिवसांच्या संक्रांतीपेक्षा मोठे होते. चांद्रमहिन्यात सूर्याची संक्रांत पडली नाही की तो महिना अधिक मानतात. संक्रांती चार दिवसांनी हलल्या की काही वर्षी अधिकमासच बदलतो आणि मग सण एकदम महिनाभराने पुढे-मागे होतात. शेजारच्या घरी नवरात्र चालू असताना आपल्याकडे गणपती बसवावयाचा, ही कल्पना त्या काळच्या पुण्यात किती लोकांना मानवली असती? मुलीच्या सासरी एक पंचांग व माहेरी दुसरे असेल तर सण कोणता धरावयाचा? पंचांग हे आकाशाचे गणित आहे, असे केरूनाना समजत होते. समाजाच्या दृष्टीने ते सगळ्यांनी एका दिवशी एक गोष्ट करण्याचे साधन होते. दोन्ही समजुती खऱ्या होत्या आणि त्यांच्यात तडजोड नव्हती. केरूनानांना अंधश्रद्ध लोकांनी नाकारले, असे सरसकट म्हणणे या लेखकाला पटत नाही. पंचांग एकट्याने बदलता येत नाही, ही साधी अडचण त्यात अधिक होती.

केरूनाना स्वतः त्या वादात जिव्हारी लागेल अशा त्वेषाने उतरलेले दिसत नाहीत. ते शिकवीत राहिले. १८७० च्या दशकात डेक्कन कॉलेजात त्यांच्यासमोर बसणाऱ्यांत बाळ गंगाधर टिळक होते. टिळकांची गणिताची गोडी आणि गुरूविषयीचा आदर सर्वश्रुत आहे. अयनचलनाचा धागा शिष्याने किती लांब नेला, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. १८९३ मध्ये टिळकांनी ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरविला तो याच सरकत्या संपाताच्या आधारे. वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा वैदिक वाङ्मयात शोधावयाच्या आणि बहात्तर वर्षांना एक अंश या मापाने मागे जावयाचे. तो कालनिर्णय आज बहुतेक विद्वान मान्य करीत नाहीत. पण पद्धतीचे मूळ येरवड्याच्या वर्गात आहे.

सरकारने १८७७ मध्ये केरूनानांना रावबहादूर केले. १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी वारले. वय अठ्ठावन्न.

योगायोग असा की, पृथ्वीच्या आसाचा दुसरा, धाकटा डोल पकडला जाण्यास त्याच वर्षी प्रारंभ झाला. वर सांगितलेले अयनचलन म्हणजे आसाने ताऱ्यांच्या मानाने दिशा बदलणे. पृथ्वीच्या स्वतःच्या देहातही आस जागा बदलू शकेल, असे ऑयलरने अठराव्या शतकात गणिताने सांगितले होते व त्याचा काळ ३०५ दिवस काढला होता. शंभर वर्षे ज्योतिषी तो शोधीत राहिले आणि कोणाला सापडला नाही. १८७६ मध्ये, टिळक डेक्कन कॉलेजात शिकत असताना, ग्लासगोच्या सभेत विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हवा आणि पाणी यांच्या हालचालींनी आस ढळू शकेल, हा विचार मांडला. १८८४ मध्ये बर्लिनला क्यूस्टनर आणि अमेरिकेत केंब्रिजला सेथ चँडलर, दोघेही एकमेकांना न कळत, ताऱ्यांचे असे वेध घेत होते की ज्यांतून त्यांच्या वेधशाळांचे अक्षांशच बदलत असल्याचे निघाले. हा चँडलर आयुर्विम्याच्या कंपनीत आकडेमोड करून पोट भरलेला माणूस. म्हणजे केरूनानांच्याच जातकुळीचा. १८९१ मध्ये त्याने काळ जाहीर केला ४२७ दिवस. ऑयलरचा आकडा चुकला, कारण त्याने पृथ्वी दगडासारखी कडक धरली होती. ती थोडी लवचीक आहे आणि तिच्यावर समुद्र आहेत. आजच्या मोजणीने हा काळ सुमारे ४३३ दिवसांचा ठरतो. त्याच्या जोडीला बरोबर वर्षाचा आणखी एक डोल आहे.

वर्षाचा डोल कशाने, हे सांगणे तुलनेने सोपे. हिवाळ्यात सायबेरियावर थंड, जड हवेचा डोंगर साचतो. उन्हाळ्यात आशिया तापतो, दाब उतरतो, मोसमी वारे येतात आणि हवेचे ओझे अन्यत्र जाते. फिरत्या गोलावर असे ओझे एका बाजूला कमी-जास्त झाले की आस त्यानुसार ढळतो. विषुववृत्तावरील आणि नेमक्या ध्रुवावरील ओझ्याने तो ढळत नाही. सर्वाधिक ढळतो ४५ अंशांच्या आसपासच्या ओझ्याने. चिकलठाण्याचा अक्षांश सुमारे वीस. म्हणजे येथील एक किलो हवेचा प्रभाव ४५ अंशांवरील किलोच्या जवळजवळ दोनतृतीयांश. हॅरल्ड जेफ्रीझने १९१६ मध्ये हवा, बर्फ, पाणी यांचा हा वार्षिक हिशेब मांडला.

चौदा महिन्यांच्या डोलाचे कोडे अधिक अवघड होते. कोणी ढकलत नसेल, तर घर्षणाने तो काही दशकांत विरून जावयास हवा. मग त्याला झोका देते कोण? भूकंप असतील, पृथ्वीच्या पोटातील वितळलेला गाभा असेल, असे तर्क शतकभर चालले. २००० मध्ये अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील रिचर्ड ग्रॉस यांनी १९८५ ते १९९५ या काळाचा हिशेब तपासला. सुमारे दोनतृतीयांश वाटा समुद्रतळावरील दाबाच्या बदलांचा, आणि एकतृतीयांश हवेच्या दाबाचा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. समुद्राचा तो दाबही पुन्हा बऱ्याच अंशी वाऱ्याच्या फटकाऱ्यांनी हलतो.

हा डोल केरूनानांना दिसणे शक्य नव्हते. तो फार झाला तर विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. वर्षाच्या अयनचलनाच्या दीडशेव्या भागाएवढा. परंतु त्याचा उलगडा ज्या सामग्रीतून झाला, ती हवेच्या दाबाच्या अखंड नोंदींची होती. कुलाब्याला दिव्याच्या उजेडात वायुभारमापक वाचणाऱ्या मुलाला, आपण वाचतो आहोत त्या आकड्यात पृथ्वीच्या आसाचे एक कारण आहे, हे कोणी सांगितले नव्हते. सांगणारा तेव्हा जगात कोणी नव्हताच.

कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींचे पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ लागल्या, त्यांच्या प्रवाहाने सूच्या भांबावणार हे स्पष्ट झाले आणि तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांनी हे काम शहराबाहेर हलविण्याचे ठरविले. जागा निवडली ती अलिबागची. १९०४ पासून तेथे नोंदी चालू आहेत. केरूनानांचे नागाव तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

त्याच १९०४ मध्ये मुंबईत पंचांगशोधनासाठी परिषद भरली. टिळक तीत होते. रेवतीचा तारा धरणारे गणित पुढे टिळक पंचांगात टिकले. दुसऱ्या बाजूने चित्रा ताऱ्यावरून आरंभ धरणारा पक्ष बळावला. व्यंकटेश बापूजी केतकर हे त्याचे मोठे गणिती. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीने चित्रापक्षाला जवळचे अयनांश स्वीकारले, २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. अयनचलनाची शुद्ध गती सर्वांनी घेतली; आरंभाचा तारा मात्र केरूनानांचा राहिला नाही.

तरी तो पुसलाही गेला नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि महाराष्ट्रात बहुतेक घरी गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत ते महिनाभर आधीच, २० ऑगस्टला येऊन गेले होते. रेवतीच्या ताऱ्यावरून मोजले की त्या वर्षीची सिंह संक्रांत अमावास्येच्या आत पडते, चित्रावरून मोजले की ती अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी जाते. चिकलठाण्याच्या वेधशाळेत २० ऑगस्टच्या सकाळी साडेआठ वाजता नेहमीप्रमाणे दाबाचा आकडा टिपला जाण्याची वेळ झाली, तेव्हा त्या घरांत प्राणप्रतिष्ठेची तयारी चालू असेल.